दवाखान्यात कुत्र्याचं दुखणं, भीती आणि बरं वाटणं कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला ॲडमिट करून घरी गेलेले पालक फोन करून पहिल्यांदा विचारतात, "कसा आहे?" आणि दवाखान्यातून उत्तर जातं, "ठीक आहे." हे 'ठीक' कशावरून ठरलं, याबद्दलचे हे प्रश्न आहेत. त्यातले निम्मे ओपीडीत विचारले जातात, उरलेले रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर येतात.

ताप बघितला, नाडी बघितली, रक्त तपासलं. आणखी काय मोजायचं राहिलं?

बरंच राहिलं. एक नेहमीचं उदाहरण घ्या. मांडीचं हाड मोडलेला कुत्रा, प्लेट नीट बसली आहे, एक्स-रे बघून सर्जन खूश आहे, तापही नाही. पण त्याचा पिंजरा दाराजवळ आहे, समोरच्या पिंजऱ्यात भुंकणारा रॉटवायलर आहे आणि फरशी ओली आहे. कालपासून त्याला नीट झोप नाही. फाइलवर हा पेशंट उत्तम आहे, प्रत्यक्षात त्याचे हाल चालले आहेत.

ही दरी मोजण्यासाठी आराखडे आहेत. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने कोंडून पाळल्या जाणाऱ्या शेतीच्या जनावरांवर अहवाल दिला. त्यातून पुढे 'पाच स्वातंत्र्यं' आकाराला आली: भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, आणि भीती यांच्यापासून सुटका, शिवाय स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. १९९४ मध्ये डेव्हिड मेलर आणि कॅम रीड यांनी न्यूझीलंडमध्ये याच्या पुढचा 'पाच क्षेत्रां'चा आराखडा मांडला. त्यात पोषण, परिसर, आरोग्य आणि वागणूक ही चार क्षेत्रं तपासायची आणि त्या सगळ्यांचा मिळून प्राण्याच्या मनावर काय परिणाम होतोय ते पाचव्यात लिहायचं. मूळचा हा आराखडा प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी होता. आता प्राणिसंग्रहालयापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तो वापरतात. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०१८ मध्ये दवाखान्यांसाठी प्राणी कल्याणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही याच वाटेने जातात.

आमच्या केस पेपरवर यातलं पाचवं क्षेत्र बहुतेक वेळा कोरं असायचं. अजूनही पुष्कळ दवाखान्यांत ते कोरंच असतं.

मुक्या जनावराचं दुखणं आकड्यात कसं सांगणार?

यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती ग्लासगो वेदनामापन पट्टी. ती ग्लासगो विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी तयार केली. गर्दीच्या दवाखान्यात वापरता येईल असा तिचा छोटा नमुना २००७ पासून प्रचारात आहे. ऑपरेशननंतरच्या किंवा अपघाताच्या ताज्या दुखण्यासाठी ती आहे. सहा गोष्टी बघायच्या, ठरलेल्या क्रमाने.

आधी पिंजऱ्याबाहेर उभं राहून नुसतं बघायचं. आवाज करतोय का? गप्प असेल तर ०, कुईकुई करत असेल तर १, कण्हत असेल तर २, किंचाळत असेल तर ३. जखमेकडे लक्ष आहे का? दुर्लक्ष करत असेल तर ०, वळून बघत असेल तर १, चाटत असेल तर २, घासत असेल तर ३, चावत असेल तर ४. मग पट्टा लावून बाहेर काढायचं आणि चाल बघायची: नेहमीसारखी चाल म्हणजे ०, अजिबात हलायला तयार नाही म्हणजे ४. त्यानंतर जखमेपासून दोनेक इंचांवर हलका दाब द्यायचा. काहीच केलं नाही तर ०, वळून बघितलं तर १, अंग चोरलं तर २, गुरगुरला तर ३, चावायला आला तर ४, ओरडला तर ५. शेवटी एकूण मूड आणि बसण्या-झोपण्याची ढब, प्रत्येकी ४ पर्यंत.

एकूण गुण २४. ६ किंवा त्याहून जास्त आले तर वेदनाशामक वाढवायचा किंवा बदलायचा विचार लगेच करायचा. पाठीच्या कण्याचं, कमरेचं किंवा एकाहून जास्त पायांचं हाड मोडलं असेल, किंवा आधाराशिवाय चालणं शक्य नसेल, तर चालीचे गुण वगळतात. मग एकूण २० आणि मर्यादा ५.

आता गर्भाशय काढलेली एक कुत्री डोळ्यांसमोर आणा, ऑपरेशनचा दुसरा दिवस. आवाज नाही, ०. टाक्यांकडे मधूनमधून बघते, १. बाहेर काढली की रेंगाळत चालते, २. पोटाला हात लावला की अंग चोरते, २. मूड शांत, १. एका जागी नीट टेकत नाही, १. बेरीज ७. एकदाही न ओरडलेली, 'किती गुणी आहे हो' असं सगळ्यांनी म्हटलेली ही कुत्री मर्यादेच्या वर आहे. कुत्री दुखणं अंगावर काढतात, आणि गप्प पेशंटला सगळ्यात उशिरा औषध मिळतं. पट्टी वापरायला माझ्या दृष्टीने हे एक कारण पुरेसं आहे.

आमचा कुत्रा ऑपरेशननंतर रात्रभर रडत होता. म्हणजे खूप दुखत असणार ना?

असेल किंवा नसेलही. भूल उतरताना, विशेषतः ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या) गटाची औषधं दिली असतील तर, काही कुत्री भ्रमिष्टासारखी वागतात. एकसुरी रडतात, नजर कुठेच ठरत नाही, नाव घेतलं तरी ओळख लागत नाही. दुखणाऱ्या कुत्र्याला जखमेजवळ हात लावला की तो लगेच प्रतिसाद देतो. भ्रमातल्या कुत्र्याला कुठेही हात लावा, फारसा फरक पडत नाही. तरीही शंका राहिलीच तर आधी वेदनाशामक देऊन पुन्हा गुण बघणं हा सुरक्षित रस्ता आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासतात: मूत्राशय भरलंय का? सलाईन चालू असलेला, घरात कधीही न मुतणारा कुत्रा पिंजऱ्यात जीव मुठीत धरून बसतो आणि रडतो. दहा मिनिटं बाहेर फिरवून आणला की गाढ झोपतो. हे रात्रपाळीच्या मावशींना डॉक्टरांआधी कळतं.

गुण किती वेळाने घ्यायचे?

ठरलेलं एकच उत्तर नाही. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत दर तासा-दोन तासांनी, पुढे औषधाचा असर ओसरायच्या वेळेच्या आसपास. शांत झोपलेल्या कुत्र्याला मात्र गुणांसाठी उठवायचं नाही, झोपलाय एवढं लिहायचं. औषध दिल्यावर पुन्हा गुण घेणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच राहून जातं. सकाळी ८ ला ९ गुण, इंजेक्शन दिलं, आणि पुढची नोंद थेट संध्याकाळची, असे कागद मी पाहिले आहेत. मधल्या वेळात त्या कुत्र्याचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

दोन डॉक्टर दोन वेगळे गुण देतात. मग याला शास्त्र कसं म्हणायचं?

फरक पडतो, हे खरंच आहे. म्हणून शक्यतो एकाच पाळीत एकाच व्यक्तीने गुण द्यावेत, आणि ऑपरेशनच्या आधी एकदा द्यावेत. हे आधीचे गुण फार उपयोगी पडतात. घाबरट स्वभावाच्या कुत्र्याला मूडच्या रकान्यात दुखत नसतानाही ३ मिळतात. आधीचा आकडा माहीत नसेल तर त्याची भीती दुखण्याच्या खात्यात जमा होते. माणूस जवळ आला की गुरगुरणारा कुत्रा जखमेजवळ हात नेल्यावरही गुरगुरणारच.

चेहऱ्यावरून वेदना ओळखायच्या पट्ट्या मांजरांसाठी चांगल्या विकसित झाल्या आहेत. कुत्र्यांत पग, डॉबरमन आणि आपला गावठी यांचे चेहरेच इतके वेगळे की तिथे ते काम अवघड जातं.

भीती कशी मोजता? रक्तात ताणाचं हार्मोन तपासता येतं म्हणे.

कॉर्टिसॉल तपासता येतं, पण रोजच्या कामात त्याचा उपयोग थोडा. ते आनंदाच्या धावपळीनेही वाढतं आणि रक्त काढायला धरल्यामुळेही वाढतं. म्हणजे मोजायला गेलो की मोजायची गोष्टच बदलते.

त्यापेक्षा वागणं बघितलेलं बरं. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, एक पुढचा पाय उचलून धरणं, गारव्यातही धापा टाकणं, टेबलावर अचानक केसांचा सडा पडणं. अमेरिकन पशुवैद्य मार्टी बेकर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'फिअर फ्री' कार्यक्रमात भीती आणि ताणाला ० ते ५ अशी पातळी देतात. काही भारतीय डॉक्टरांनी हे प्रशिक्षण ऑनलाइन घेतलं आहे.

आमची रोजची कसोटी त्याहून सोपी आहे: उकडलेल्या चिकनचा तुकडा. वेटिंगमध्ये घेतला, टेबलावर घेतला, थर्मामीटर लावतानाही घेतला तर काम चालू ठेवायचं. हातातून अलगद घेणारा कुत्रा अचानक बोटांसकट ओढायला लागला तर ताण वाढतोय. तोंडच फिरवलं तर थांबायचं, आणि नखं कापण्यासारखं काम असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवायचं. अर्थात पोट बिघडलेल्या किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला ही कसोटी लावता येत नाही.

भीती मोजायची ती फक्त दयेपोटी नाही. घाबरलेल्या कुत्र्याची नाडी, रक्तदाब आणि कधीकधी साखरही वाढलेली दिसते. म्हणून रक्तदाब घेण्याआधी पाच-दहा मिनिटं शांत बसू द्यायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या पाच ते सात आकड्यांची सरासरी काढायची, अशी पद्धत आहे. कुणी कुत्र्याला टेबलावर चढवून लगेच पट्टा बांधला आणि एकाच आकड्यावर गोळी सुरू केली, तर जरूर प्रश्न विचारा.

शेपूट हलवतोय म्हणजे मजेत आहे ना?

नेहमी नाही. शेपूट म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, इतकंच. सैल अंगाने, कंबरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ अंगावर वर धरून थरथरवलेली वेगळी. ऑपरेशननंतर मालकाला बघून शेपूट हलवणारा कुत्रा दुखण्यातही हलवतो. भेटीच्या वेळचा व्हिडिओ बघून 'एकदम फिट आहे' असं ठरवू नका.

वजनावरून तुम्ही दर वेळी बोलता. त्याचा कल्याणाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. शरीरस्थितीची ९ अंकांची पट्टी असते, त्यात ४-५ हा योग्य आकडा. घरी बघायचं तर असं: बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या पालथ्या पंजावरून बोट फिरवल्यासारखं लागलं तर ठीक, मुठीच्या गाठींसारखं लागलं तर रोड, तळहातासारखं लागलं तर जाड. त्याच्या जोडीला स्नायूंची वेगळी तपासणी करतात, कारण म्हातारा कुत्रा एकाच वेळी जाड आणि स्नायू झडलेला असू शकतो. ते वजनकाट्यावर कधीच दिसत नाही.

४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांना जन्मभर पाळून केलेला एक प्रसिद्ध अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या जोडीदाराच्या तुलनेत २५ टक्के कमी खाणं मिळालेली कुत्री साधारण १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांच्या सांध्यांच्या तक्रारीही उशिरा सुरू झाल्या. आमच्याकडे येणाऱ्या लॅब्रॅडॉरला घरातला प्रत्येक जण चहाबरोबर एकेक बिस्किट देतो आणि प्रत्येक जण सांगतो, "मी फक्त एकच देतो हो." पाच जणांचं घर असेल तर हिशेब तुम्हीच करा.

दवाखान्यात याच्या उलट काळजी असते. ॲडमिट पेशंटने किती खाल्लं हे 'खाल्लं' असं लिहून चालत नाही. किती दिलं, किती उरलं, हाताने भरवावं लागलं का, हे लिहावं लागतं.

जुनं सांधेदुखीचं दुखणं दवाखान्यात का दिसत नाही?

कारण दवाखान्यात आल्यावर भीतीने कुत्रा लंगडायचं विसरतो. गुळगुळीत फरशीवरच्या चार पावलांवरून काही कळत नाही. इथे खरं माप पालकांकडे असतं. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. लिव्हरपूल विद्यापीठाची संधिवातासाठीची, हेलसिंकीची, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची. तीच प्रश्नावली औषध सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी भरायची. मधल्या काळात जुनी उत्तरं बघायची नाहीत.

आणि व्हिडिओ आणा. दिवाणावर चढताना, जिना उतरताना, सकाळी उठल्यावरची पहिली पावलं. "वय झालंय त्याचं" या वाक्यामागे उपचार करता येण्यासारखं दुखणं असतं, हे आम्ही वारंवार बघतो. पूर्वी गाडीत उडी मारायचा आणि आता तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, ही नोंद आमच्यासाठी एक्स-रेइतकीच मोलाची आहे.

घरी आम्ही काय मोजावं?

झोपेतला श्वास. छाती वर-खाली झाली की एक, असं ३० सेकंद मोजून दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत असावा. हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यात हा आकडा वारंवार ३० च्या वर जायला लागला तर फुप्फुसांत पाणी भरायची ती सुरुवात असू शकते. सकाळची वाट न बघता फोन करा.

हिरड्या. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गोचीडतापात हिरड्या फिक्या पडलेल्या पालकांच्या लक्षात उशिरा येतं, कारण कुत्रा फक्त 'जरा सुस्त' असतो.

ताप मोजणार असाल तर एक लक्षात ठेवा: कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने घाबरून आलेले फोन पुष्कळ असतात. नाक कोरडं की ओलं, यावरून तापाचं काही ठरत नाही.

गुण जास्त वाटले तर घरातली दुखण्याची गोळी द्यावी का?

नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका.

एवढ्या गर्दीत हे सगळं करायला कुणाला वेळ आहे?

रास्त प्रश्न आहे. मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात त्या परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाची सुरुवात १८८३ ची, आणि आपल्याकडच्या अशा जुन्या, धर्मादाय दवाखान्यांत रांग कधी संपत नाही. पण सहा गोष्टींचे गुण द्यायला सराव झाल्यावर फार तर दोन-तीन मिनिटं लागतात, आणि ते काम प्रशिक्षित मदतनीस करू शकतो. माझ्या मते अडचण वेळेपेक्षा सवयीची जास्त आहे. नाडी लिहायला आपल्याला वेळ सापडतोच.

नोंद नुसत्या आकड्यांची असावी असंही नाही. एका सकाळचा कागद असा होता: '७.०० – भात-चिकन, चार घास, हाताने. ७.४० – बाहेर नेलं, लघवी भरपूर. बसताना उजवा मागचा पाय लांब ठेवतो. शेजारची पोमेरेनियन भुंकली की थरथरतो. चादर टाकून पिंजरा झाकला. ८.३० – झोपला.' पाचही क्षेत्रं त्यात आली आहेत आणि लिहिणाऱ्याला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

हा कागद आम्हाला बघायला मिळेल का?

मागा. आमच्याकडे दाखवतात. जिथे अवघडल्यासारखं होईल तिथे एवढंच विचारा: दुखण्याचे शेवटचे गुण किती आणि कधीचे? औषधानंतर पुन्हा बघितलं का? लघवी झाली का, किती खाल्लं? रात्री माणूस असतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर तेही आधी कळलेलं बरं. जाताना त्याची रोजची चादर, नेहमीचं खाणं आणि त्याला समजणाऱ्या शब्दांची यादी देऊन जा. मराठी घरातल्या कुत्र्याला 'सिट' कळत नाही, 'खाली बस' कळतं.

नसबंदीसाठी पकडलेल्या भटक्या कुत्र्यांनाही हे लागू होतं का?

तिथे तर जास्त. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०२३ मध्ये नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले, त्यांनी २००१ चे नियम बदलले. नसबंदी, रेबीजची लस, कानाला खूण, ऑपरेशननंतरची देखभाल आणि नोंदी, हे सगळं त्यात आहे.

अडचण अशी की या कुत्र्यांना पट्ट्याची सवय नसते, पिंजऱ्याबाहेर काढून चालवणं जमत नाही. जखमेजवळ हात नेणंही धोक्याचं. त्यामुळे पट्टीचा मोठा भाग वापरताच येत नाही. शिवाय भेदरलेला रस्त्यावरचा कुत्रा कोपऱ्यात दगडासारखा बसतो, आवाज नाही, हालचाल नाही. त्याला 'शांत' लिहिलं की संपलं. म्हणून अशा केंद्रात गुणांची वाट न बघता सगळ्यांना ठरलेलं वेदनाशामक द्यावं. मग लांबून किंवा कॅमेऱ्यातून बघावं: माणूस नसताना खातो का, आडवा होऊन झोपतो का, टाके चाटतो का. सोडण्याआधी टाके बघणं आलंच. बॅचमधल्या किती जणांचे टाके उसवले, किती जणांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं नाही, हे आकडे केंद्राच्या भिंतीवर लावले तर कुठलं कौशल्य कमी पडतंय ते लगेच दिसतं.

म्हाताऱ्या, बरा न होणाऱ्या कुत्र्याबाबत 'आता पुरे' कधी म्हणायचं?

कॅन्सरवर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची एक पट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना ० ते १० गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर आयुष्य सुसह्य मानतात. वेदनेच्या रकान्यात श्वासाचा त्रासही धरतात, तो विसरू नका.

पट्टी भरताना घरात भांडणं होतात. आजी ८ देतात, मुलगा ३ देतो. दोघांनी वेगवेगळा कागद भरा, आठवडाभर भरा, मग घेऊन या. काहींना गुण नकोसे वाटतात. त्यांनी कॅलेंडरवर रोज रात्री बरा दिवस असेल तर टिक आणि वाईट असेल तर फुली मारली तरी चालेल. फुल्या सलग यायला लागल्या की बोलायला या, निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागत नाही.

गळ्यातल्या पट्ट्यात बसणारं ॲक्टिव्हिटी मशीन घ्यावं का?

हौस असेल तर घ्या. किती चालला, किती झोपला, रात्री किती वेळा उठला, किती खाजवलं, असे आकडे त्यातून मिळतात. सांधेदुखीच्या किंवा खाजेच्या कुत्र्यात औषधाआधी आणि नंतर तुलना करायला ते बरे पडतात. एका दिवसाचा आकडा बघून काही ठरवू नका, निदान दोन आठवड्यांचा आलेख आणा. पट्टा दर आठवड्याला काढून खालची कातडी बघा. पावसाळ्यात तिथे हमखास फोड येतात.